आईच्या गळ्यातला दिरहम

आईच्या गळ्यातलं नाणं दोन ग्रॅम आठशे मिलिग्रॅम भरतं. बाराशे वर्षांपूर्वीचा चांदीचा दिरहम. कुणा सोनाराने गळ्यात घालण्यासाठी त्याला कडी डाक देऊन जोडली, तेव्हा नाण्यावर अक्षरांत लिहिलेल्या सालातला एक शब्द कडीखाली गेला. बाकीची अक्षरं स्पष्ट आहेत. शुक्रवारी मात्र ती दिसत नसत, कारण नाणं काळं पडलेलं असे.

गेले सहा शुक्रवार हेच चाललं होतं. ट्युनिशियाच्या दक्षिणेतल्या आमच्या गावात घरटी एक तरी असं नाणं आहे, आईकडून लेकीकडे येणारं. ती काळी नाणी उंच धरून साठ-सत्तर बायका हम्मामच्या, म्हणजे झऱ्यावरच्या न्हाणीघराच्या, अंगणात उभ्या राहत. समोर दुखणी काढून देणारा सी लझहर; 'सी' म्हणजे श्रीयुत. शेजारी चुलीवर हिरव्या कापडाने झाकलेलं पातेलं आणि डोळे झोंबतील एवढा धूप.

"बायांनो, नाण्यावर अल्लाचं नाव आहे! दुखणं त्याच्यापुढे टिकेल? अंगातून निघतं, चांदीत शिरतं, काळंठिक्कर पडतं! पोटदुखी असो, वांझपण असो, नवऱ्याचा राग असो!"

"नवऱ्याच्या रागाला परात लागेल हो, नाणं नाही पुरायचं," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. रांग हलली नाही.

नाणं अंगावर ठेवून गरम झऱ्यात न्हायचं. काळं पडलं की सी लझहर ते पातेल्यात सोडून पुटपुटणार आणि पांढरंशुभ्र बाहेर काढणार. सात शुक्रवार झाले की रोग संपला.

आईच्या डाव्या स्तनात गाठ होती. सफाक्स शहरातल्या डॉक्टरांनी वसंतातच काढायला सांगितली होती. आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी गाठ मोजत होते. अडीच सेंटिमीटर होती, तीन झाली. वहीत 'मब्रूका' या आईच्या नावाखाली आकडा लिहिला आणि शाळेत जाऊन रसायनशास्त्राचा तास घेतला.

सहाव्या शुक्रवारी हम्मामचं दार सांभाळणाऱ्या दूजामावशीला विचारलं, "हा खिळा कशाला गं?"

"दागिन्यांना. चांदी बाहेर टांगायची, आत न्यायची नाही. माझ्या सासूच्या सासूपासूनची रीत."

"का?"

"रीत आहे, दलंदा. रीतीला 'का' असतं का?"

असतं. आमच्या झऱ्यात गंधक आहे. पाहुणे सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणून नाक धरतात. आम्हाला तो येत नाही. पिढ्यान् पिढ्या चांदी खिळ्यालाच राहिली, म्हणून पाण्यात तिचं काय होतं ते गावात कुणी पाहिलंच नव्हतं. सी लझहर परगावचा. त्याचं नाक शाबूत होतं.

सातव्या शुक्रवारी मी सोनाराकडून चांदीची कोरी पट्टी आणली. सगळ्यांसमोर तिच्यावरचा कागद सोडवला आणि पट्टी झऱ्याच्या पाटात धरली. थोड्या वेळात ती काळी पडली.

"ही कुणाच्याच गळ्यात गेलेली नाही," मी म्हणाले. "हिला कसला रोग?"

"मास्तरीणबाईंची नजर लागली असेल!" सी लझहर हसला. या वेळी एकटाच.

दूजामावशीने पातेल्यावरचं हिरवं कापड ओढलं. आत ॲल्युमिनियमचं पातेलं, कढत पाणी, मीठ, सोडा. मी पट्टी तळाला टेकवली. चांदीवरचं गंधक ॲल्युमिनियम ओढून घेतं. पट्टी पांढरी झाली. बुडबुड्यांबरोबर तोच सडका वास आला, आम्हालाही जाणवेल एवढा दाट. तो लपवायला धूप होता.

"हे घरी करून बघा," मी सांगितलं. "माझंही ऐकू नका, करून बघा. आणि दुखत असेल तर दवाखान्यात जा."

सी लझहरला एकाएकी गाबेसला जाणारी बस आठवली.

बायका आपापली नाणी पुसत पांगल्या. आई पायरीवर बसून राहिली. मी शेजारी बसले. काही वाटत नव्हतं. नुसते हात ओले होते.

"मला पहिल्याच शुक्रवारी शंका आली होती," आई म्हणाली.

"मग?"

"सात आठवडे ते काळं नाण्यात होतं, पोरी. माझ्यात नव्हतं."

तिने गळ्यातली दोरी सोडली, दिरहम माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटली.

"सफाक्सला फोन लाव. म्हणावं, मब्रूका येते आहे. काढून टाका."