अब्रूचे टोमॅटो

अकरा महिन्यांचा शौर्य टोमॅटोच्या साराला असा चटावला होता, की वाटी दूर केली तरी घर डोक्यावर घ्यायचा. टोमॅटो घरचेच. पिंपरी पेंढार गावात विकायच्या रानाला औषध मारतात, पण खाण्यापुरती एखादी ओळ बिनफवारणीची राखतात. मात्र वाऱ्याला ओळ कुठं कळते? म्हणून त्याच्या आईच्या, प्रतिभाच्या, जिवाला घोर. त्यात ती एमएस्सी केमिस्ट्री. नारायणगावच्या शेतमाल तपासणी लॅबमध्ये तिला शंका घ्यायचाच पगार मिळायचा.

तिनं सासूबाईंना, प्रयागबाईंना, घरच्या ओळीतले चार टोमॅटो तोडायला सांगितले आणि पिशवी घेऊन लॅब गाठली.

रस पाण्यात पातळ करून बाटलीत भरला. इवल्याशा काचेच्या सिरिंजमध्ये द्रावक ओढलं, सुई रबरी बुचातून आत घातली आणि टोकाला मोहरीएवढा थेंब रसात लोंबता ठेवला. रसातलं औषध त्या थेंबात उतरतं; मग थेंब परत सिरिंजमध्ये ओढून मशीनला द्यायचा. पण जरा धक्का लागला की थेंब सुटला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा ती, बाळ नुकतं निजल्यागत, श्वास रोखून बसली. शेजारच्या टेबलावरचा भरत खोकायला बाहेर गेला.

मशीननं आलेख काढला. मधोमध शिवनेरीएवढा सुळका! एवढं औषध!

तिनं लगेच घरी फोन लावला. "आई, शौर्यला सार देऊ नका! घरच्या टोमॅटोत औषध निघालंय!"

"मग ते घरचे न्हाईत."

"म्हणजे?"

"अगं, घरचे समदे वाकडेतिकडे, किडके. तुजा सायेब म्हनंल, ही मान्सं असलं खात्यात! म्हनून परवा फवारलेल्या रानातले चकचकीत बघून दिले. आपल्याला काय अब्रू हाय का न्हाई?"

प्रतिभानं फोन ठेवला. त्या रानाचा विकायचा तोडा आठ दिवसांवर होता, तोवर औषध उतरेल, तेवढं बरं. पण घरच्या ओळीचं काय?

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः तोडले. एकातून अळी डोकावत होती. पुन्हा सिरिंज, पुन्हा थेंब, पुन्हा पंधरा मिनिटं श्वास कोंडून. आलेख सपाट! भरतनं टाळी वाजवली.

"आई, थेंब टिकला एकदाचा! घरच्या टोमॅटोत काही नाही! आता द्या त्याला सार."

"कालबी दिलं, आजबी दिलं," प्रयागबाई म्हणाल्या. "तुजा थेंब टिकायची वाट बघत लेकरू उपाशी ठिऊ व्हय?"