अंबूबाईंना सोर्स पाहिजे

ऑक्टोबरातल्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी साडेपाच वाजता, विहिरीवरच्या स्टार्टरनं सुभेदार लालासाहेबांना जेवायला बसवलं.

स्टार्टर नवा होता. साताऱ्याच्या 'पाणीवीर कंट्रोल्स' कंपनीचा, मोबाईलवर चालणारा. लाईट आली की मोटार सुरू करायची, फेज गेला की बंद करायची आणि मालकाला फोन करून कळवायचं, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी मात्र फोनवर एक मुलगी म्हणाली, "पप्पा, मोटार चालू आहे. दिवस मावळायला पाऊण तास राहिलाय. जेवून घ्या."

लालासाहेबांना मुलगी नव्हती. एक मुलगा होता, तो पुण्यात होता आणि बापाच्या जेवणाबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. पण लालासाहेबांनी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेली. फोनवर स्वच्छ आवाजात आलेला हुकूम नेमका कुणाचा, असं विचारायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पाय धुतले, मांडी घातली आणि ताट मागितलं.

अंबूबाई चुलीपाशी उभ्याच राहिल्या. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं त्यांचा नवरा टीव्हीवरची भांडणं मिटल्याशिवाय जेवत नव्हता, आणि ती भांडणं काही मिटत नव्हती. भांडी घासून स्वयंपाकघराची लाईट बंद करायला रोज अकरा वाजायचे. पित्त जाईल, लवकर जेवा म्हणून डॉक्टरांनी सांगून झालं, अंबूबाईंनी तर रोज सांगितलं. लालासाहेब म्हणत, "बघू." आणि आता एका डब्यानं सांगितलं तर हा माणूस भाकरी मोडून बसला होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. नऊच्या सुमाराला लालासाहेबांना परत भूक लागायची, पण त्याबाबत वरून काही हुकूम आलेला नसल्यानं ते पाणी पिऊन झोपत.

अंबूबाईंचं स्वयंपाकघर साडेसहाला बंद व्हायला लागलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना पहिल्यांदाच संध्याकाळ नावाची वस्तू मिळाली. पहिले दोन दिवस तिचं काय करायचं तेच कळेना. तिसऱ्या दिवशी त्या समाजमंदिरात गेल्या. तिथं महिला मंडळाला मिळालेला कॅरम बोर्ड होता, आणि खेळायला बायका नव्हत्या म्हणून तो गेली चार वर्षं पापड वाळवायला वापरला जात होता. पापड हलले. तीन आठवड्यांत अंबूबाई रिबाउंडनं राणी घेऊन कव्हर करायला लागल्या. हाताला हे वळण आहे हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

आणि मग शेजारच्या नाथाजींनी घाण केली.

"वैनी, म्या कंपनीला तक्रार केली," नाथाजी बांधावरून म्हणाले. तेही माजी सैनिक, स्टार्टरही तोच. "रोज साडेपाचला येक पोरगी फोन करती आन् मला पप्पा म्हणती. आमची मंडळी इचारती, कुठली ही? आता काय सांगू? बारा वर्सं आसामात हुतो मी. कोण इस्वास ठिवंल?"

"मग काय म्हणाली कंपनी?"

"बिघाड हाय म्हणाली. रविवारी अपडेट टाकत्यात. पोरीचा आवाज बंद."

त्या दिवशी बुधवार होता. अंबूबाईंनी मनात मोजलं. चार संध्याकाळी. नंतर परत टीव्हीवरची भांडणं, परत अकरा.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा लालासाहेबांच्या आधी त्यांनीच उचलला. "जेवून घ्या," मुलगी म्हणाली. हा स्टार्टर घेतलेला गावातला प्रत्येक पुरुष इथं फोन कापत असे, कारण हुकूम पूर्ण झालेला असे. अंबूबाईंनी कापला नाही. थोडा वेळ खरखर झाली आणि मुलगी पुन्हा बोलायला लागली.

"हा प्रोग्राम कीर्ती बाहुबली पाटील, नांद्रे, जिल्हा सांगली, हिनं लिहिला आहे. कुणीही वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. फक्त नाव राहू द्या, आणि तुम्ही केलेले बदल मागणाऱ्याला द्या." पुढं फोन नंबर.

साताऱ्याच्या कंपनीनं डब्यावरचं, कागदावरचं, सगळीकडचं कीर्तीचं नाव काढलं होतं. पण फोन शेवटपर्यंत ऐकायला कंपनीतही कुणाला वेळ नव्हता.

गुरुवारी अंबूबाई रहिमतपुरातून पॅसेंजरनं नांद्र्याला गेल्या. कीर्ती सव्वीस वर्षांची, चष्मेवाली, घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी. तिचे वडील बाहुबली ओसरीवर शेंगा फोडत होते.

"चातुर्मासात मी दिवस बुडल्यावर जेवत न्हाई," बाहुबली म्हणाले. "पण पाण्यावर गेलो की ध्यान ऱ्हात न्हाई मला. दोन वर्सांमागं लागोपाठ नऊ दिवस उपाशी झोपलो. मग हिनं डब्यालाच बोलायला शिकवलं."

"आणि नेटवर ठेवून दिलं," कीर्ती म्हणाली. "ओपन सोर्स. म्हंजे स्टार्टर कसा चालतो ते सगळं लिहिलेलं कुणालाही फुकट. ह्या पाणीवीरवाल्यांनी उचललं, चांगलंच आहे. पण नाव पुसलं, आणि स्वतःचे बदल लपवून ठेवले. ते चालत नाही. मी दोन मेल केले, उत्तर नाही."

अंबूबाईंनी थोडा विचार केला. "विरजणासारखं हाय म्हणायचं. शेजारनीकडनं चमचाभर आनायचं, त्याचं कोन पैसं घेत न्हाई. पर उद्या आपल्या दारात कोन वाटी घिऊन आलं, तर न्हाई म्हणता येत न्हाई."

कीर्तीनं चष्मा काढून पुसला. हेच तिनं कॉलेजात पस्तीस स्लाईड करून सांगितलं होतं आणि प्राध्यापकांना कळलं नव्हतं.

"मग त्यो आवाज ठेव म्हणावं त्यांना," अंबूबाई म्हणाल्या.

"ठेवला तरी उपयोग नाही, मावशी. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की तो आपोआपच थांबतो. तसंच लिहिलंय मी."

"मला बारमाही पायजे."

"मी एका ओळीत करून देईन. पण त्यांचा बोर्ड वेगळा आहे. माझं आहे तसं त्यावर चालणार नाही. त्यांनी बदललेला सोर्स हातात पाहिजे. आणि लायसन्सप्रमाणं तो मागायचा हक्क ज्यानं डबा घेतला त्याचा. बिल कुणाच्या नावावर आहे?"

बिल अंबूबाईंच्या नावावर होतं. जमीन घेतली तेव्हा लालासाहेब लडाखला होते आणि सही करायला गावात अंबूबाई होत्या. तेव्हापासून सातबारा त्यांचा, विहीर त्यांची, मोटार त्यांची. लालासाहेबांकडं फक्त फोन होता.

शुक्रवारी नवराबायको दोघं साताऱ्याला एमआयडीसीत गेले. लालासाहेबांना वॉरंटीचं काम आहे एवढंच सांगितलं होतं. वॉरंटीच्या कामाला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून जातो, तसे ते आले होते.

कंपनीचा मालक शंभूराज तिशीतला, गोड बोलणारा. केबिनमध्ये त्याच्या पाठीमागं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आमचा स्वतःचा शोध'. शेजारी त्याचा इंजिनिअर अमृत लॅपटॉप घेऊन बसला होता.

"बोला मावशी, काय सेवा करू?"

"मला सोर्स पायजे," अंबूबाई म्हणाल्या आणि कीर्तीनं लिहून दिलेला अर्ज टेबलावर ठेवला. त्यावर बिलाची झेरॉक्स पिनअप केलेली होती.

शंभूराजनं अर्ज वाचला. मग पाणी मागवलं. "मावशी, सोर्स म्हंजे कंपनीचं गुपित असतं. बौद्धिक संपदा म्हणतात त्याला. आमच्या पोरांनी रात्रीचा दिवस केलाय."

"व्हय? मग तुमी दिवस बुडायच्या आत जेवता काय?"

"मी?" शंभूराज म्हणाला. "नाही. का?"

"तुमची पोरं?"

अमृतनं नाही म्हणून मान हलवली.

"मग डब्याला ही सवय कुठनं लागली?"

शंभूराजनं पाण्याचा ग्लास उचलला. "ते हेल्थ फीचर आहे," तो म्हणाला. "लवकर जेवणं तब्येतीला चांगलं. आम्ही मुद्दाम टाकलंय."

"लय चांगलं केलं. मग रविवारी काढताय कशाला?"

अमृतला खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

अंबूबाईंनी फोन काढला. आदल्या संध्याकाळी त्यांनी त्यावर सगळा निरोप रेकॉर्ड करून ठेवला होता. केबिनमध्ये मुलीचा आवाज घुमला. जेवून घ्या झालं, खरखर झाली, आणि मग नाव आलं, गाव आलं, तालुका सोडून सगळा पत्ता आला.

"गुपित म्हणता," अंबूबाई म्हणाल्या. "तुमचं गुपित तर रोज साडेपाचला गावभर फोन करून आपलं नाव सांगतंय."

शंभूराजनं अमृतकडं पाहिलं. "तू हे शेवटपर्यंत ऐकलं नव्हतंस?"

"सर, तुम्ही?"

इतका वेळ लालासाहेब खुर्चीत ताठ बसून होते. आता ते सावकाश म्हणाले, "म्हंजे त्यो हुकूम माझ्यासाठी नव्हता."

"नांद्र्याच्या बाहुबली पाटलांसाठी हुता," अंबूबाई म्हणाल्या.

"मी तीन आठवडे दुसऱ्याच्या हुकमावर जेवलो."

"आन् पित्त कुठं गेलं?"

लालासाहेबांनी विचार केला. पित्त कुठं गेलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. "साहेब," ते शंभूराजला म्हणाले, "द्या तिला काय पायजे ते. ही ऐकायची न्हाई. मी बत्तीस वर्सं बघतोय."

"आणि नाही दिलं तर?"

"तर रविवारी काय होईल ते मी सांगतो, सर," अमृत म्हणाला. तो इतका हळू बोलला की सगळे त्याच्याकडं झुकले. "तो आवाज काढायचा मी पंधरा दिवस प्रयत्न करतोय. आवाज काढला की मोटारच सुरू होत नाही. सूर्य मावळायचं घड्याळ आणि मोटारीचं घड्याळ एकच आहे. मला ते सोडवता येत नाही. अपडेट टाकलं तर साडेचारशे मोटारी बंद पडतील. हे लिहिणाऱ्या मॅडमशी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आपण म्हणतो आपणच लिहिलंय. मग मी कुणाला फोन करू?"

ऑक्टोबराच्या उन्हात साडेचारशे रानांतला ऊस सुकताना केबिनमधल्या प्रत्येकाला दिसला.

"नंबर हाय माझ्याकडं," अंबूबाई म्हणाल्या. "पर आदी सोर्स."

पेनड्राईव्ह पाच मिनिटांत मिळाला. कीर्तीशी फोनवर बोलणं पंचवीस मिनिटं चाललं. त्यातली वीस मिनिटं अमृत नुसता "अच्छा, असं आहे होय" म्हणत होता. शेवटी शंभूराजनं फोन घेतला, नाव पुसल्याबद्दल माफी मागितली, डब्यावर ते छापायचं आणि सोर्स सगळ्यांसाठी खुला ठेवायचं कबूल केलं. तो मनानं वाईट नव्हता. फुकट मिळालेल्या वस्तूला अटी असतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच.

निघताना त्यानं मागच्या पाटीकडं पाहिलं. "आता ह्याचं काय करायचं?"

"'स्वतःचा' तेवढं काढा," लालासाहेब म्हणाले. "बाकी ऱ्हाऊ द्या."

रविवारी अपडेट आलं, पण कीर्तीनं केलेलं. आवाज हवा असेल तर एक दाबा, नको असेल तर दोन दाबा. नाथाजींनी दुपारी दोन दाबलं. संध्याकाळी त्यांच्या मंडळींनी परत एक दाबलं, कारण तोवर आदल्या तीन आठवड्यांतल्या मोकळ्या संध्याकाळींचा त्यांना हिशेब लागला होता. अंबूबाईंचा फोन बारमाही झाला. 'पप्पा'च्या जागी त्यांनी 'सुभेदार' घालून घेतलं. त्या दिवशी लालासाहेब जेवायला बसताना आधी उभे राहून सावधान झाले.

बारमाही फोनची बातमी गावात पसरली. बायका एकेक करून यायला लागल्या: तुमचा बदल आमच्यात टाका. अंबूबाईंना नाही म्हणता येत नव्हतं. अट होती, आणि अट त्यांनी स्वतःच साताऱ्यात टेबलावर ठेवली होती. महिन्याभरात रस्त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे पुरुष दिवसाउजेडी जेवायला लागले.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी अंबूबाई समाजमंदिरात पोचल्या तर आत एकोणीस बायका होत्या आणि कॅरम बोर्ड एक. वहीत नाव लिहायचं होतं. त्यांचा नंबर सतरावा लागला. त्या बाकावर बसल्या आणि नांद्र्याला फोन लावला.

"कीर्ती, कॅरमला पन सोर्स असतो का गं?"

"असतो की, मावशी. चौकोनी फळी, चार भोकं. त्यावर कुणाचाच हक्क नाही. सुताराला सांगा."

अंबूबाईंनी लगेच आकाराम सुताराला फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला.

"थांबा वैनी," ती म्हणाली, "जेवत्यात ते. आन् माझं नाव लिवून ठिवा, मी आलेच."