एक हजार आठशे एकसष्ट

बहात्तरचा दुष्काळ. पाटोद्याजवळच्या माळावर सोसायटीने चाऱ्याची छावणी उघडली होती आणि शाळेतली पोरं ऊसतोडीला, खडी फोडायला गेल्यामुळे चेअरमन सुंदररावांनी गणिताच्या सुभद्राबाईंनाच जनावरांच्या मोजणीला बोलावलं होतं. आकडा फुगवलाय असा तपासणीच्या साहेबांना संशय. म्हणून त्यांचा हुकूम होता, जनावरं सारख्या ओळींत बांधा; एक ओळ जरी कमी-जास्त दिसली तर चारा बंद. साहेब चार वाजता येणार होते.

जनावरं भरली एक हजार आठशे एकसष्ट. बाई बाभळीखाली बसून तो आकडा भागून बघत होत्या. सातने सहा उरले, तेराने दोन, एकोणीसने अठरा. त्रेचाळीसपर्यंत गेल्या, तिथे बारा उरले. त्यापुढे जाण्यात अर्थ नव्हता; चव्वेचाळीसचा वर्गच या आकड्याहून मोठा होता. ती मूळसंख्या होती. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नव्हता.

"म्हंजे सारख्या ओळी व्हतच न्हाईत?" सुंदररावांनी विचारलं.

"एक कमी असतं तर एकतीसच्या साठ ओळी झाल्या असत्या," बाई बोलून गेल्या आणि तिथेच चरकल्या.

सुंदररावांची नजर कडेला बसलेल्या तुळजाबाईकडे वळली होती. म्हातारी कालच आपली एकुलती गाय घेऊन आली होती.

"मावशे, तुजी गाय सोड. शेवटाला आलीस तू."

"कावून? माजीच कावून?" म्हातारीने दावं मनगटाला गुंडाळून घेतलं.

"सुंदरराव, मला अर्धा तास द्या," बाई म्हणाल्या.

अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकलेलं त्यांनी आठवून पाहिलं. चारने भागून एक उरणारी मूळसंख्या दोन वर्गांची बेरीज असते. शेवटच्या एकसष्टला चारने भागलं, एक उरला. पण कोणते दोन वर्ग? त्रेचाळीसपासून एकेक खाली येत त्या वजाबाक्या करत राहिल्या. घामाने कागद ओला झाला. एकतीसचा वर्ग नऊशे एकसष्ट. उरले नऊशे, म्हणजे तीसचा वर्ग.

"दोन चौक करा," त्या उठून म्हणाल्या. "एकात एकतीस ओळी, एकतीस-एकतीसच्या. दुसऱ्यात तीस, तीस-तीसच्या. गाय राहू द्या."

"अन् साहेबाला पटलं न्हाई तर?"

खुंट ठोकायला माणसं धावली. शेवटचं जनावर बांधून होतंय तोच जीप आली.

साहेबांनी दोन्ही चौक फिरून मोजले. "दोन का?"

"एका चौकात सारख्या ओळी बसतच नाहीत, साहेब. भागून बघा."

साहेबांनी खरंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि भागायला घेतलं. सुंदरराव दोनदा खाकरले. तेवीसपर्यंत येऊन साहेब थांबले, बाईंकडे पाहिलं, आणि चाऱ्याच्या मागणीवर सही केली.

जीप गेल्यावर तुळजाबाई गाडीतून सांडलेली कडब्याची धाटं वेचून गाईपुढे टाकू लागली. बाईंनी पाण्याचा तांब्या उचलला आणि घटाघट प्यायल्या. निम्मं पाणी पदरावर सांडलं.