दिवाळसणाचा ओंडका

शब्द देताना माणसाने आधी आपला खांदा बघावा. दीनानाथरावांनी तो बघितला नाही. लेकीच्या लग्नात व्याही आपल्या गच्चीवरच्या सोलरचं कौतुक सांगत बसले, तेव्हा ह्यांना राहवलं नाही. दिवाळसणाला पहिल्या अंघोळीचं पाणी आमच्या बंबातलं, असं जावयाला भर पंगतीत सांगून मोकळे झाले.

बंब होता, नाही असं नाही. कोथरूडच्या रो-हाऊसमागच्या अंगणात, तांब्याचा, दीनानाथरावांच्या आईच्या वेळचा. पण गीझर आल्यापासून त्याला कोणी विचारत नव्हतं. त्यात मनी प्लँट लावायचा, असं त्यांच्या बायकोने, उल्काताईंनी, कधीच ठरवून ठेवलं होतं. दीनानाथरावांनी फार कांगावा केला तेव्हा त्यांनी एक संधी दिली. नरक चतुर्दशीला बंब पेटला तर राहील, नाहीतर त्याची कुंडी. नर्सरीतून वेलही आणून ठेवला. ह्या बाई धमकी देत नाहीत, तयारी करतात.

आता प्रश्न सरपणाचा. पावसाळ्यात गल्लीतला गुलमोहर पडला होता आणि कापलेले ओंडके रस्त्याकडेला तसेच होते. फुकट ते पौष्टिक! दीनानाथरावांनी त्यातले चार गडगडवत अंगणात आणले. मग कळलं, की खांदा आखडल्यामुळे कुऱ्हाड कानाच्या वर जातच नाही. दुसरा एखादा शहाणा इथे थांबला असता. ह्यांनी ओंडके फोडायचं मशीन ऑनलाइन मागवलं. वर मुद्दाम लाकडाच्या वखारीत जाऊन वखारवाल्या उत्तरेश्वरला सांगून आले, की आता तुझ्या ओल्या ढलप्यांची आम्हाला गरज नाही. उत्तरेश्वर नुसतं 'बरं' म्हणाला.

मशीन भल्यामोठ्या देवदारी खोक्यातून आलं. ओंडका आडवा ठेवायचा, बटण दाबायचं, की लोखंडी ठोकळा त्याला पात्यावर रेटतो. पहिलाच ओंडका अर्धा पात्यात शिरला आणि तिथेच थांबला. पुढे जाईना, मागे येईना. मोटर मात्र घुंऽऽ करत राहिली.

दीनानाथरावांची उभी हयात वीज मंडळात गेली होती. हिशेब विभागात गेली, ही गोष्ट वेगळी. त्यांनी बाह्या सरसावल्या, गमबूट घातलेल्या एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ लावला आणि चार बोल्ट काढले. व्हिडिओत चार बोल्ट काढल्यावर झाकण निघतं. इथे एक स्प्रिंग निघाली आणि शेजारच्यांच्या जास्वंदीत गेली. शेजाऱ्यांशी बोलणं बंद, त्यामुळे ती परत आणायची सोय नाही. मागोमाग काळं तेल बदाबदा फरशीवर आलं. उल्काताईंनी ती फरशी आदल्याच दिवशी रांगोळीसाठी गेरूने सारवली होती.

बिबवेवाडीचा संतोष लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, काका, काय काय उघडलंत? हा काय प्रश्न झाला? दीनानाथरावांनी फोन ठेवून दिला.

तेल तर भरायलाच हवं होतं. तेल ते तेल, असा विचार करून त्यांनी स्वयंपाकघरातला डबा उचलला. उल्काताईंनी चकल्यांसाठी घाण्यावरून आणलेलं शेंगदाण्याचं तेल मशीनच्या पोटात गेलं. आणि खोटं कशाला बोला, मशीन चाललं! ठोकळा करकरत दोन बोटं पुढे सरकला आणि ओंडका पात्यात आणखी घट्ट बसला. मोटर तापली तसा अंगणभर खमंग वास सुटला. उल्काताई बाहेर आल्या, त्यांनी वास घेतला, डब्याकडे पाहिलं आणि रिकामा डबा उचलून आत गेल्या.

पुढचे पंधरा दिवस दीनानाथराव रोज मशीनशी भांडले. पहारीने उचकटून पाहिलं, उकळतं पाणी ओतून पाहिलं, शेवटी मारुतीला नारळ बोलून पाहिला. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी लेक सुरुची आणि जावई अभिनव दारात उभे राहिले, तेव्हा ओंडका जागच्या जागी होता. दीनानाथरावांना खरंच रडू येत होतं. बंब गेल्याचं दुःख होतंच. पण व्याही आता जन्मभर सोलर ऐकवणार, आणि उत्तरेश्वर पुन्हा 'बरं' म्हणणार.

नरक चतुर्दशीच्या पहाटे गीझरचं बटण दाबायला ते उठले, तर अंगणातून ठकठक येत होती. उल्काताई पदर खोचून बसल्या होत्या. हातात वरवंटा, समोर मशीनचं देवदारी खोकं. एकेक फळी फोडून त्या बंबात सारत होत्या. लाकूड खडखडीत वाळलेलं, बंब धडधडून पेटला होता. दीनानाथराव दारातच थांबून बघत राहिले.

"अहो, बघताय काय? हे खोकं पंधरा दिवस तुमच्या नाकासमोर होतं," त्या म्हणाल्या. "पाणी काढा जावयाला."

"पण तुला तर कुंडी हवी होती."

"कुंडीचं बघितलंय मी."

अभिनव अंघोळ करून लालबुंद होऊन आला. असं पाणी जन्मात अंगावर घेतलं नव्हतं म्हणाला, आमच्या बाबांनाही घेऊन येतो म्हणाला. दीनानाथरावांची छाती फुगली. एवढ्यात जावयाची नजर कोपऱ्यात गेली. मशीनवरच्या त्या ओंडक्यावर मनी प्लँट दिमाखात बसला होता, वेल खाली लोंबत होता.

"आई, हा स्टँड भारी आहे. कुठून घेतला?"

"घेतला नाही रे," उल्काताई चकल्यांची ताटली पुढे करत म्हणाल्या. "ह्यांनी घरीच केलाय. पंधरा दिवस खपत होते बिचारे."

दीनानाथरावांनी एक चकली उचलली आणि खाली मान घालून खाल्ली.