वैकुंठरथाचं मिसिंग

एकदा निघालेल्या जिवाला वाटेत कोणी अडवू शकत नाही. राजा नाही, वैद्य नाही, प्रत्यक्ष देवही नाही. असं कुठल्या शास्त्रात लिहिलं असेल, तर लिहिणाऱ्याने म्हसरूळच्या आमच्या मित्रमंडळाचा वैकुंठरथ पाहिलेला नव्हता. तो कालव्याच्या पुलाच्या चढावर थांबायचा.

वैकुंठरथ म्हणजे सव्वीस वर्षांची पेट्रोल व्हॅन. मागची बाकं काढलेली, पुढच्या डाव्या सीटखाली इंजिन, दोन्ही अंगांना पांढऱ्या अक्षरात ‘अंतिम यात्रा’ आणि त्याहून मोठ्या अक्षरात देणगीदाराचं नाव. चढाला लागली की ती मिसिंग करायची, म्हणजे दोन हिसके द्यायची, खोकायची आणि बंद पडायची. पण दरवेळी नाही. पाच फेऱ्यांतून एखाद्या वेळी. दरवेळी पडली असती तर लोकांनी तिला खटारा म्हटलं असतं. अधूनमधून पडायची, म्हणून तिच्यात अर्थ शोधला गेला.

दहाव्याला कावळा शिवला नाही की गेलेल्याची इच्छा राहिली असं आपण धरतो, आणि हात जोडून एकेक कबूल करायला लागतो. आमच्याकडे ते काम दहा दिवस आधीच गाडी करायची. ती थांबली की पोरंबाळं तिच्या काचेशी जमत. एकाने बापाची कुत्री सांभाळायचं कबूल केलं. एका सुनेने, सासूबाईंचा चष्मा आपणच लपवला होता, हे सांगितलं. दोन-तीन कबुल्या होईस्तोवर ड्रायव्हर बहिरू चावी फिरवत राही, आणि मग गाडी चालू होई. कबुली द्यायला लागणारा वेळ आणि गाडी सुरू व्हायला लागणारा वेळ साधारण सारखाच असतो, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग चिमाजी गेला. एकटा माणूस, मनमाडला रेल्वेत होता, निवृत्त होऊन इथे दोन खोल्यांत राहिला. पुढेमागे कोणी नाही. गाडी चढावर थांबली. आम्ही वीसेक जण भोवती उभे राहिलो आणि एकमेकांकडे पाहू लागलो. त्याला काय हवं होतं, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. कोणी म्हणालं, चहा आवडायचा. कोणी म्हणालं, बहुतेक बिनसाखरेचा. मग तेही बोलणं संपलं. पंचवीस मिनिटं आम्ही त्याच्याजवळ गप्प उभे होतो. जिवंतपणी एवढा वेळ त्याच्याजवळ कोणी थांबलं नसेल.

त्या गर्दीत हिरामण मेकॅनिक होता. दुसऱ्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष शेखर त्याच्या गॅरेजवर गेला, तर हा आधीच गाडीचे प्लग काढून बसलेला.

हिरामणने प्लग बदलले, कार्ब्युरेटर उघडून धुतला, फिल्टर नवा टाकला. टाकी भरून घेतली आणि रिकामी गाडी चढावरून दहादा फिरवली. एकदाही खोकली नाही. वजन लागत असेल म्हणून विंचूरकडून आलेल्या कांद्याच्या आठ गोण्या मागे घातल्या आणि पुन्हा चढावर नेली. कांदे कुठलीही इच्छा मागे न ठेवता पोचले. शेवटी तो प्रत्येक अंत्ययात्रेला गाडीत बसू लागला, पिशवीत पाना आणि पकड घेऊन. माणसं त्याला गेलेल्याच्या नात्यातला समजून धीर देत. तोही मान हलवी, कान मात्र इंजिनकडे.

चौथ्या फेरीला गाडी हिसकली. त्या वेळी पेट्रोलचा काटा तळाला होता. गाडी बंद पडताच हिरामणने खाली वाकून पेट्रोलची नळी सोडली, निघालं ते काचेच्या बाटलीत धरलं आणि नळी परत बसवली. वर नातेवाईक हात जोडत होते, तो खाली बाटली उन्हाला धरून बघत होता. बाटलीत दोन थर झाले. वर पेट्रोल. खाली दोन बोटं पाणी.

त्याने बहिरूला बाजूला घेतलं. बहिरूने काही लपवलं नाही. फेरी झाली की तो गंगेवर जाऊन स्वतः आंघोळ करी, गाडी धुई, आणि ओंजळभर गोदामाई टाकीत सोडी. तीस वर्षांचा नेम, आधीच्या गाडीपासूनचा.

“आपण मसणातून आल्यावर आंघोळ करतो का नाय?”

“करतो.”

“तिची बाहेरून व्हती. आतून कोण करणार?”

हिरामणने एवढंच समजावलं, की पाणी टाकीच्या तळाशी बसतं, आणि पेट्रोल कमी असताना गाडीने नाक वर केलं की सरकून नळीच्या तोंडाशी येतं. बहिरूने ऐकून घेतलं आणि विचारलं, बाहेरून शिंपडलेलं चालेल का. चालेल, हिरामण म्हणाला.

टाकी उतरवायचं ठरलं त्या संध्याकाळी हिरामणने ही गोष्ट आईला सांगितली. फुलाबाई चार महिने खाटेवर होती. ऐकून ती हसली, मग खोकली, मग म्हणाली, “आत्ता नको करू नीट. माझी फेरी होऊ दे. मंग कर.”

का ते त्याला सांगावं लागलं नाही. तिचा थोरला, मल्हारी, दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या, तेजलच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये सख्ख्या भावाचं नाव चुलतभावांच्याही खाली आलं होतं. हिरामणने नवरीची मोटार सजवून वेळेवर पाठवली आणि स्वतः गेला नाही. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. हिरामणची स्कूटर गॅरेजकडे गेल्याचा आवाज आला की मल्हारी आईला भेटायला यायचा, आणि परतीचा आवाज येण्याआधी उठायचा. त्या स्कूटरचा सायलेन्सर फुटका होता. मेकॅनिक असून हिरामणने तो कधी बदलला नाही.

“थांबली की तो बोलंल,” फुलाबाई म्हणाली. “समद्यांसमोर. मी बोलतं करीन त्याला.”

हिरामण रात्रभर जागा होता. सकाळी त्याने टाकी उतरवली, धुतली, वाळवली आणि परत चढवली. चिमाजीसारखं पुन्हा कोणी तिथे अडकून राहू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. दुपारी आईने विचारलं, झाली का नीट. तो म्हणाला, झाली. तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर बाराव्या दिवशी ती गेली.

रिवाजाप्रमाणे थोरला विस्तवाचं मडकं घेऊन पुढच्या डाव्या सीटवर बसला. धाकटा मागे, आईच्या उशाशी. दोघांमध्ये एक पत्रा. आम्ही मागून चालत होतो. कालव्याचा चढ आला तशी सगळ्यांची पावलं मंदावली. म्हातारीच्या मनात काय होतं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तिने थोरल्याशिवाय सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गाडीने नाक वर केलं. काटा तळाला होता. हिरामण आईच्या कपाळावर हात ठेवून कान देऊन बसला.

गाडी चढली. एक हिसका नाही. इतकी सुरेल ती नवी असतानाही चालली नसेल. पुलावरून ती पलीकडे उतरली तेव्हा मागच्या काचेतून हिरामणचा चेहरा दिसत होता. आपलं काम चोख झाल्याचं एवढं दुःख झालेला कारागीर मी दुसरा पाहिलेला नाही.

उतार संपता संपता त्याने पत्र्यावर थाप मारली.

“बहिरूभाऊ, थांबव. मिसिंग करतीये.”

बहिरूने कान दिला. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. त्याला काय ऐकू आलं आणि काय नाही, हे त्याचं त्यालाच माहीत. त्याने चावी बंद केली.

हिरामण मागून उतरला, अनवाणी वळसा घालून डाव्या दाराशी आला आणि दार उघडलं. मल्हारी समोर बघत बसून होता. मडक्यातला धूर त्याच्या तोंडावर येत होता. हिरामणच्या हातात ना पाना होता ना पकड. पिशवी तो घरीच विसरला होता.

“दादा,” तो म्हणाला, “जरा ऊठ. इंजिन तुझ्या खाली हाय.”

मल्हारीने मान वळवली. धाकट्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मागे आईकडे पाहिलं, आणि मडकं पुढे केलं.

“हे धर आधी. हात भाजतोय कधीचा.”