तालीसपत्राची पुडी

हिमालयातल्या तालीसाच्या झाडावर चढायला मला अडीच दिवस लागले. पहिला मुक्काम खालच्या फांदीवर पडला, दुसरा मधल्या. मधल्या फांदीवर एका मेंढपाळाचा संसार होता. त्याच्या बायकोनं भाकरी वाढली, वर खर्डा. शेंड्यावर पोचलो तर हवा इतकी नितळ, की काडी ओढली तरी विडी पेटेना. त्या झाडाखाली जन्मलेल्या माणसाला मरेपर्यंत खोकला येत नाही. तिथल्या भाषेत खोकल्याला शब्दच नाही. मी खोकून दाखवलं तर पोरं टाळ्या वाजवायला लागली.

यातलं खरं किती, म्हणाल तर मी पुण्याच्या वर कधी गेलेलो नाही.

पापाच्या तिकटीजवळ माझं काष्ठौषधींचं दुकान होतं. सुंठ, हिरडा, ज्येष्ठमध, देवदार, तालीसपत्र. दोनशे डबे आणि दोनशे थापा, डब्यागणिक एक. गिऱ्हाईक पुडी नेताना गोष्ट ऐकून जायचं. एका माणसानं मात्र चाळीस वर्षं माझ्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. तो म्हणजे खिजर.

खिजर उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर तो आधी हुबेहूब लाकडात घडवावा लागतो, मग वाळूत त्याचा ठसा घ्यायचा आणि त्यात रस ओतायचा. ते लाकूड घडवणारा हा. पठ्ठ्या लाकूड नुसतं हुंगून सांगायचा कुठलं ते. आमची दोस्ती झाली ती भांडणातनं, आणि भांडण होतं देवदाराचं.

"आक्या, तुझ्या डब्यातला देवदार म्हंजे चुलीतला भुगा हाय."

"आणि तुझा देवदार म्हंजे परदेशातनं आलेलं खोकं!"

खरं दोघांचंही होतं. वखारीत जे जे पांढरं, मऊ आणि बोटीतनं उतरलेलं, त्या सगळ्याला देवदार म्हणायची रीत. मी आपला वनस्पतींच्या नावांचा जुना निघंटू काढून बसायचो. "अरं, मूळ शब्द देवदारू. दारू म्हंजे संस्कृतात लाकूड. देवाचं लाकूड."

"तरीच आमच्या गल्लीतली माणसं सांजंला लाकूड होऊन पडत्यात."

मग मी म्हणायचो, सरल म्हणजे चिडाचं झाड, सरळ वाढतं म्हणून सरल. तो म्हणायचा, चीड म्हंजे तुझं बोलणं ऐकून मला येती ती. त्याचे वडील शेर म्हणायचे, त्यातली सुंदरी म्हणे सरोच्या, सनोबरच्या झाडासारखी, उंच आणि ताठ. "कोल्हापुरात तसली कुठली मिळायची? हितं समदा ऊस," असं खिजर म्हणाला की आतनं त्याच्या बायकोचा, नजीराभाभींचा आवाज यायचा, "मी ऐकतीया बरं का. भावजी, झाडाचं भांडण झाडाखाली जाऊन करा. च्या निवतोय."

अशी चाळीस वर्षं गेली. यातलं एकही झाड आम्ही दोघांनी पाहिलेलं नव्हतं. त्यानं खोड चिरलं आणि मी पानं विकली, एवढाच आमचा संबंध.

खिजर रिटायर झाला आणि त्याला खोकला लागला. कोरडा, खालनं येणारा. जिना चढताना मध्येच थांबायचा आणि मी बघतोय म्हटल्यावर भिंतीचा रंग निरखायचं सोंग करायचा. नजीराभाभी म्हणाल्या, छातीचा फोटो काढू या. खिजर दवाखान्याला भ्यायचा. त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि मी म्हणालो, "दवाखाना कशाला? तालीस हाय की."

मग मी ती झाडाची गोष्ट सांगितली. अडीच दिवस, मेंढपाळ, भाकरी, सगळं. मला वाटलं आता शिवी देईल. तो पुढं सरकला, आणि म्हणाला, "खोकल्याला शब्दच न्हाय म्हंतोस?"

"शप्पत."

"मग दे की बाबा."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा खिजरनं माझं खरं मानलं. मला काय झालं म्हणून सांगू! पैलवानानं गदा जिंकावी तसा मी घरी गेलो.

सुरुवातीचे काही महिने मी खरंच तालीसपत्र दिलं. सोबत सुंठ, मिरी, पिंपळी. नजीराभाभी रोज सकाळी पानं खलबत्त्यात कुटायच्या आणि मधातनं चाटवायच्या. सुंठ-मिऱ्यानं घसा मोकळा व्हायचा, नाव तालीसाचं व्हायचं. मग वरनं माल यायचा बंद झाला. व्यापारी आज देतो, उद्या देतो करत राहिला. डबा संपला आणि खिजर दारात उभा. "आक्या, पुडी. लई फरक हाय बघ."

फरक नव्हता. मला दिसत होतं, त्याच्या गळ्याखालचा खड्डा श्वासागणिक आत जात होता. पण त्याला मी काय सांगणार होतो? संपलं म्हणून? आता दवाखान्यात जा म्हणून?

कळंब्याच्या वाटेवर एका बंगल्याच्या कुंपणाला सुरूच्या झाडांची रांग आहे. खाली सुयांसारख्या पानांचा सडा पडतो. मी पिशवी भरून आणली, सावलीत वाळवली, बारीक कातरली. मनाशी हिशोबही जुळवला. सुरू म्हणजे फारसीतला 'सर्व' हा शब्द, शेरातला तो सरो. सरो, सनोबर, सरल, देवदार, तालीस, सगळी एका घरातली भावंडं. थोरला नाही मिळाला तर धाकटा. थापेबाज माणूस दुसऱ्याला फसवायला वेळ घेतो. स्वतःला फसवायला मला कळंबा ते पापाची तिकटी एवढी वाट पुरली.

दोन वर्षं मी त्याला सुरू दिला.

मुबशिरा ही खिजरची नात, मुलाची मुलगी. औषधशास्त्र शिकायला बाहेर होती. सुट्टीला आली आणि आजोबाला बघून तिनं पिशवीही खाली ठेवली नाही, तशीच रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. दोन्ही फुप्फुसं फौंड्रीतल्या वाळूच्या धुळीनं खाल्लेली होती. आता घरात ते हवेचं मशीन आणायचं, नाकात नळी घालायची आणि बसायचं. ती मला पायरीवर भेटली तेव्हा म्हणाली, "आज्जा, डॉक्टर म्हणाले, आजोबा दोन वर्षं आधी आला असता, तर बरा झाला नसता, पण आजार हितवर आला नसता."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

चार दिवसांनी दुपारी मी नेहमीसारखा गेलो. मशीन घुरघुरत होतं. खिजर लोडाला टेकून बसला होता. नजीराभाभींच्या समोर खलबत्ता होता, आणि मुबशिराच्या तळहातावर माझी पुडी उघडी होती. पुडीतली एक लांब काडी मी कातरायची विसरलो होतो. ती तिनं चिमटीत धरली होती.

"आज्जा, हे काय आहे?"

"तालीसपत्र. त्याचं काय की, हिमालयात…"

"तालीसाचं पान चपटं असतं. पोटाशी दोन पांढऱ्या रेषा असतात." तिनं काडीची दोन टोकं धरून हलकेच ओढली. टिक. काडी सांध्यातनं सुटली. पुन्हा ओढली. टिक. खेळण्यातल्या आगगाडीचे डबे सुटावेत तसे तिनं एकेक पेर सोडवून आजोबाच्या चादरीवर मांडलं. "हे पानच न्हाय. ही पेरांची काडी हाय. हा सुरू हाय."

"सुरू म्हंजे त्याच घरातला की गं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच दुकानातला वाटला. "फारसीत सर्व…"

"नाव तिकडचं हाय, आज्जा. झाड ऑस्ट्रेलियाचं. कुणीतरी लांबनं बघितलं, सरोसारखं दिसलं, म्हणून सुरू म्हटलं. देवदाराच्या घरातला त्यो न्हायच. देवदाराला फूल येत न्हाई, याला येतं. नुसता दिसायला तसा."

नजीराभाभींनी बत्ता उचलला आणि मांडीवर घेतला. त्यांच्या तळव्याला घट्टा पडला होता, तो त्या अंगठ्यानं चोळत होत्या.

"भावजी, रोज मी कुटलं ओ," त्या म्हणाल्या. "रोज. हात दुखला तरी. त्यात दुवा म्हणून कुटलं."

मी सगळं सांगून टाकलं. डबा कधी संपला, कळंब्याची वाट, पिशवी, सगळं. कुठंही मसाला न लावता सांगितलेली ती माझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट असेल. सांगताना मी खिजरकडं बघत होतो. वाटत होतं, शिवी देईल. देवाची आण, मी त्या शिवीसाठी तिथं बसलो होतो.

तो चादरीवरची पेरं बोटानं परत एका ओळीत लावत होता. लाकडाचा माणूस. शेवटी त्यानं एक पेर उचलून नाकाशी नेलं. नळी होती, वास येईना. ठेवून दिलं.

"मला पहिल्या दिवशीच हुंगायला पायजे होतं," तो म्हणाला. "हुंगलंच न्हाई. म्हटलं, आक्या देतोय."

त्यानंतर मी पायरीवरनं परत फिरायला पाहिजे होतं. पण रोज दुपारी पाय तिकडंच जायचे. भाभी दार उघडायच्या, चहा द्यायच्या, भावजी म्हणायच्या नाहीत. खलबत्ता फडताळावर पालथा ठेवलेला असायचा. मुबशिरा कॉलेजला परत गेली. जाताना मला नमस्कार न करता गेली, आणि ते बरोबरच होतं.

परवा खिजरला बोलायला फार जड जात होतं. दोन शब्द, मग मशीनची घुरघुर, मग दोन शब्द.

"सांग की."

"काय सांगू?"

"झाडावर चढलास… त्ये."

मी घसा साफ केला. "तालीसाच्या झाडावर चढायला मला अडीच दिवस…" पुढं मेंढपाळ येतो. मेंढपाळ आला नाही. भाकरी आली नाही. पहिल्या मुक्कामाची फांदीच सापडेना. चाळीस वर्षं झोपेतही सांगता आली असती अशी गोष्ट ती. तो माझ्याकडं बघत होता. खोटं आहे हे ठाऊक असूनही त्याला ती हवी होती, आणि माझ्याकडं ती नव्हती.

"मग नावं… तरी सांग."

नावं सांगितली. देवदार, मूळ देवदारू, देवाचं लाकूड. ओठ हलले त्याचे, दारूच्या जुन्या विनोदाला. सरल, सरळ वाढतो म्हणून. चीड. सनोबर, तुझ्या वडिलांच्या शेरातला. सरो, तोही त्यातलाच. तालीस. एवढं म्हणेपर्यंत त्याचे डोळे मिटले, गळ्याखालचा खड्डा जरा कमी आत जायला लागला. मी थांबलो तसे डोळे उघडले.

"एक… ऱ्हायलं."

"न्हाय रं. झाली समदी."

"सुरू."

"त्यो त्या घरातला न्हाय, खिजर."

"म्हायती हाय," तो म्हणाला. "पर म्हण."

मी म्हणालो. मग पुन्हा देवदारापासनं सुरू केलं. गप्प झालो की त्याचे डोळे उघडतात, म्हणून गप्प होता येत नव्हतं. पण नावं सात. सात नावांत माणूस किती दुपार काढणार? आठवं रचायला मला कितीसा वेळ लागला असता? उभ्या उभ्या मी झाडं लावली आहेत, त्यांना नावं दिली आहेत, त्यांची मुळं पार इराणपर्यंत नेली आहेत. भाभी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. मी तोंड उघडलं, आठव्या नावासाठी आत हात घातला. तिथं काही नव्हतं. मशीन चालू होतं. मी परत देवदार म्हणालो.