भाजलेली माती

तिने काचेची तबकडी खिडकीशी धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. काहीच उगवलं नव्हतं. शेजारच्या तबकडीत, टेकडीवरच्या मातीतल्या जंतूंची ठिपक्याठिपक्यांनी नुसती दाटी झाली होती.

"तुझ्या बाबांची माती रुसली की काय?" प्रयोगशाळेतली सहकारी म्हणाली.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंना मारणारं काहीतरी मातीतलेच दुसरे जंतू बनवतात. ते शोधणं हे तिचं काम. त्यासाठी ती भेटेल त्याच्याकडे माती मागायची. सर्वांत हौशी पुरवठादार तिचे वडील. बागेचा एकेक कोपरा ते पुडीत बांधून पाठवत, आणि ती माती सहसा रिकामी जात नसे. त्यांच्या पायाची जखम चिघळली, तेव्हापासून मात्र त्यांच्या मातीत काही म्हणता काही उगवेना. आता ते रुग्णालयात होते. जखमेतले जंतू एकेका औषधाला पुरून उरले होते. उरलेलं शेवटचं औषध लागू पडलं नाही, तर पाऊल कापावं लागणार होतं. तिचा जीव टांगणीला लागला होता. त्यात ही हट्टी माती.

संध्याकाळी ती त्यांचे कपडे न्यायला घरी गेली. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. आई कढईत माती परतत होती.

"आई, हे काय?"

"तुझ्या बाबांचं खूळ. तिथून फोनवर हुकूम सोडतात. आधी चाळायची, मग चांगली खरपूस भाजायची, मगच पुडी बांधायची."

"पण भाजायची कशाला?"

"मातीतल्या जंतूंनी माझा पाय धरला, आणि पोरगी बागेत उघड्या हातांनी माती चिवडते, तिकडेही तसंच करत असणार, म्हणाले. तिला नको काही लागायला."

तिने कपाळावर हात मारला. आधी खूप हसू आलं. मग तिने गॅस बंद केला आणि आईकडे पाठ करून बाबांचे कपडे पिशवीत भरले.

रुग्णालयात बाबा उशीला टेकून वाटच पाहत होते.

"निघालं का काही?"

"बाबा, भाजलेला शेंगदाणा कधी उगवलाय?"

ते ओशाळले. "आई फुटली वाटतं."

"मला जिवंत जंतू हवेत. मेलेले काय कामाचे?"

"आणि तुला काही लागलं म्हणजे?"

"नाही हो लागत."

"मलाही असंच वाटायचं," ते पायाकडे बघत म्हणाले.

तिने पांघरूण नीट केलं आणि ती त्यांचा दुसरा, धड पाय हातात धरून बसली. त्यांची नजर चुकवायला तिला आज दुसरी जागा सापडली नाही.

शेवटचं औषध रडतखडत का होईना, लागू पडलं. एक बोट गेलं, पाऊल राहिलं. बाबा घरी आले, काठी टेकत बागेत हिंडू लागले.

पुढची पुडी प्रयोगशाळेत आली ती ओली, ढेकळांची, मुळांच्या तंतूंसकट. सोबत बाबांचे बागकामाचे रबरी हातमोजे होते, धुऊन वाळवलेले, तिच्या कोपरापर्यंत येणारे.

प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांचं खोकं तिच्या समोरच होतं. तिने ते बाजूला सारलं आणि बाबांचे हातमोजे चढवले. त्यांत बोटं हरवत होती, धड चिमूटही धरता येत नव्हती. निम्मी माती टेबलावर सांडली, तरी तिने ते काढले नाहीत.